ट्रायकोडर्मा पावडर १ किलो : माल चांगलाय, पण तारीख बघून घ्या

आमच्याकडं हरभऱ्याला मर लागते, हिरवंगार झाड बघता बघता मान टाकतं, म्हणून बीजप्रक्रियेला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, वापरायला लागलो.

पहिल्या वर्षी गावातल्या दुकानातून घेतली. पाकिटं काउंटरबाहेर उन्हात टांगलेली, आणि मी पण शहाणा, तारीख बघितलीच नाही, घरी आल्यावर कळलं मुदत संपून चार महिने झालेत. परत गेलो तर म्हणतो "काय होत नाय ओ दादा, पावडर तर आहे." अहो पावडर कसली, जिवंत बुरशी आहे ती, टाल्कमध्ये झोपवलेली! त्या वर्षी मर व्हायची तेवढी झालीच.

यंदा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून ताजी आणली. ग्रॅमला कमीत कमी २० लाख सीएफयू (म्हणजे वाढू शकणारे जिवंत बुरशीकण) असा नियम आहे, पण ते मोजणार कोण, म्हणून चिमूटभर पावडर शिजवलेल्या भातावर टाकून झाकून ठेवली, चार-पाच दिवसात वर हिरवा थर आणि वास चक्क खोबऱ्याचा, बायको विचारते खोबरं कुठं सांडलंय. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, शिळ्या भाकरीवरची बुरशी पण हिरवीच असते. खोबऱ्याचा वास मात्र ६-पेंटाइल पायरोन नावाच्या द्रव्याचा, ही बुरशी ते स्वतः बनवते आणि रोगाच्या बुरशीला त्यानं आळा बसतो. शिवाय ती नुसती मातीत बसत नाही, मुळाच्या बाहेरच्या थरात शिरून राहते, झाडाला त्रास न देता.

झाडात राहणाऱ्या बुरशीचा नाद लागला तो इथूनच. कॅन्सरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं, तेच सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पण असतं आणि त्यापायी तोडून तोडून नरक्याची वाट लागलीये. २००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली जी हेच द्रव्य बनवते! प्रमाण अगदीच थोडं, त्यामुळं कुऱ्हाड अजून थांबलेली नाही.

बरं, मूळ मुद्दा. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायची आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत अजिबात नको, तेच हिला मारतं. यंदा मर पूर्ण गेली असं नाही म्हणणार, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात झाडं गेलीच, बाकी रान मात्र बरंच टिकलं. पॅकिंग एकदम फालतू, उघडलं की अर्धी पावडर तोंडावर, मास्क लावा.

पाचपैकी चार स्टार. पेरणीच्या तोंडावर स्टॉक संपतो, आधी फोन करून मगच गाडी काढा.