बँकेची १२ महिन्यांची आरडी: जूनच्या फीसाठी घेतली, फारच कामाला आली

दरवर्षी मे-जून आला की आमच्याकडे धाबं दणाणायचं, मुलीची फी २२,०००, त्यात वर्षाचा गहू-तांदूळ आणि मसाल्याच्या मिरच्या मिळून १४,०००, आणि मग ऑगस्टपासून गणपती-दिवाळीचे १८,००० वेगळेच. खरंतर यातलं काहीच अचानक येत नाही, तारखा ठरलेल्या असतात, पण पगारातून एकदम निघत नाही. मागच्या वर्षी वहीत सगळं मांडलं आणि दोन आरड्या (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) काढल्या, एक महिन्याला ३,००० ची, एप्रिलमध्ये सुटणारी आणि दुसरी १,५०० ची, ऑगस्टमध्ये सुटणारी. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी हप्ते आपोआप कटतात, हेच मला सगळ्यात आवडलं, हातात पैसा राहतच नाही म्हणून खर्चही होत नाही.

पोस्टाची आरडी चांगलीच आहे, १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती ५ वर्षांची, वर्षाच्या खर्चाला उपयोग नाही. एकदा खात्यात बॅलन्स कमी पडला आणि हप्ता चुकला, बँकेनं मेसेजसुद्धा केला नाही, त्याचा फार राग आला. व्याज थोडंच मिळतं, पण यंदा फी भरताना गळ्यातलं गहाण ठेवावं लागलं नाही.