काळी की पांढरी? घरच्या शिवणकामाची मशीन निवडताना

माझी भाची जुळे सोलापुरात राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरा मजला. शिवणक्लास करून ब्लाउज-कुर्त्यापर्यंत मजल मारली आहे. आता स्वतःचे कपडे घरीच शिवायचे आणि जमलं तर सोलापुरी चादरीच्या हँडबॅगा करायच्या, असा तिचा बेत आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, “मामा, एकच सांगा, काळी घेऊ का पांढरी?” फोनवर मला एका वाक्यात सांगता येईना. तेच आता सविस्तर लिहितोय, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडलं तर पडेल.

काळी म्हणजे लोखंडी स्टँडवरची, पायानं चालवायची, फक्त सरळ टीप मारणारी. पांढरी म्हणजे विजेवरची झिगझॅग मशीन, सरळ टिपेसोबत नागमोडी टीपही मारणारी, हँडलला धरून उचलता येणारी. माझ्या घरी दोन्ही आहेत. काळी आईची. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, तेव्हाच्या कुठल्याशा दिवाळीच्या बोनसमधून आलेली. पांढरी मी नोकरीत असताना हौसेनं घेतली आणि पुढची दोन वर्षं काळीवर चादर झाकून ठेवली. हल्ली चादर पांढरीवर असते. पण तेवढ्यावरून निकाल लावू नका, कारण पांढरी मी अजून विकलेली नाही.

कपडे शिवायचे म्हटलं तर पांढरीचं पारडं सरळसरळ जड आहे. होजिअरीचं कापड काळीवर शिवून बघा. टीप दिसायला सुरेख येते, पण टी-शर्ट डोक्यातून घालताना गळ्यापाशी ‘कट्’ होतं आणि दोरा तुटतो. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. पांढरीवर बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई घालून बारीक झिगझॅग लावला की ही कटकट संपली. काजांचंही तेच. काळीवर शिवलेल्या शर्टांची काजं मी वर्षानुवर्षं हातानं केली, नाहीतर काज-बटणवाल्याकडे नेऊन दिली. पांढरीवर चार टप्प्यांत काज पडतं. पहिली दोन वाकडी येतील, ती चिंधीवर येऊ द्या. बाहीचं हेम मारताना तर पांढरीची खरी किंमत कळते. पुढचा डबा ओढून काढला की अरुंद हात उरतो, त्यात बाही ओवायची आणि गोल फिरवत न्यायची. काळीवर तीच बाही पसरून, खालचा पदर टिपेत सापडत नाही ना हे दर दोन इंचांना बोटानं चाचपावं लागतं. माझ्या एका कुर्त्याची बाही मी मनगटाशी पूर्ण शिवून बंद केली होती. बायकोनं तो कुर्ता आठवडाभर आल्यागेल्याला दाखवला.

एक मात्र लक्षात ठेवा, झिगझॅग म्हणजे इंटरलॉक, म्हणजे कड दोऱ्यांनी गुंडाळून टाकणारी शिलाई, नव्हे. कापडाची कड उसवायची त्यानं थांबते, पण वारंवार धुण्यात टिकेलच असं नाही. आपल्याकडे सोलापुरात युनिफॉर्मचा धंदा एवढा आहे की शहराच्या पूर्व भागात फिरलात तर कुणाच्या ना कुणाच्या घरी इंटरलॉकची (ओव्हरलॉक) मशीन चालू सापडेल. कपड्यांचा गठ्ठा करून तिथं नेणं सोपं आणि स्वस्त. त्यासाठी म्हणून पांढरी घेऊ नका.

आता बॅगा. चादर अंगावर घ्यायला कितीही मऊ असली तरी सुईखाली गेली की तिचा स्वभाव बदलतो. सूत जाड, त्यात जेकॉर्डची वीण, त्यामुळे नक्षीच्या जागी कापड आणखी भरीव लागतं. सुई 18 नंबरची घाला, 14 ची घातलीत तर वाकेल. दोरा स्पन पॉलिएस्टरचा, टाका लांब. एवढं केलंत तर दोन-चार पदर पांढरीही निमूटपणे शिवते, खोटं कशाला बोलू. टॉवेलच्या कापडाच्या पिशव्या करणार असाल तर मात्र त्याचे फासे फुटाच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या, फटीत अडकतात, आणि हे दोन्ही मशीनवर सारखंच. वर पातळ कागद ठेवून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा.

माझं आणि पांढरीचं बिनसलं ते पट्ट्यापाशी. बॅगेच्या तोंडाशी बाजूची शिलाई दुमडून पुन्हा दुमडली की चादरीचे सहा पदर होतात. त्यावर नवारीचा पट्टा, तोही टोकाला दुमडलेला. तो पक्का करायला चौकोन शिवतात आणि आत फुली मारतात. या चौकोनाला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यात नेमकं थांबायचं, सुई खाली रुतलेली ठेवायची, फूट उचलायचं, बॅग वळवायची. एक टाका जास्त पडला की फुलीचा पाय चौकोनाबाहेर, आणि मग ती फुली जन्मभर तशीच दिसते.

पांढरीचं पेडल हलकं दाबलं की मोटर नुसती ‘हुं’ करते. सुई जागची हलत नाही. आणखी दाबलं की हुंकार जरा वर चढतो. आणखी केसभर दाबलं की सहा-सात टाके धाडधाड पडतात आणि कोपरा मागे राहतो. यावर उपाय म्हणजे अशा जागी चाक हातानं फिरवायचं. सोबत आलेल्या पुस्तिकेत तसंच लिहिलंय आणि ते बरोबरही आहे. पण उजवा हात चाकावर गेला की कापडावर राहतो एकटा डावा. बॅगेचं धूड टेबलाच्या कडेवरून लोंबतंय, त्याचं वजन कापड खाली ओढतंय, नवार घसरतेय, आणि डाव्या हाताला हे सगळं आवरायचंय. मला तिसरा हात असता तर हा लेखच लिहावा लागला नसता.

त्यात आमच्या घरात शहाबादी फरशी. वर्षानुवर्षं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. पांढरीचं पेडल नुसतं जमिनीवर ठेवलेलं असतं, दाबलं की पुढं सरकतं. आपण टीप बघतोय आणि पाय टेबलाखाली पेडल शोधतोय. खाली टॉवेल घातला, तर टॉवेलसकट सरकायला लागलं. शेवटी सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलं. विजेची आधुनिक मशीन, आणि तिला म्हशीसारखं दावं!

काळीवर हा प्रसंग उद्भवत नाही. तिचा पायडल स्टँडलाच असतो, सरकून जाणार कुठं? चाकाला एकदा हातानं गती दिली की दोन्ही हात कापडावर. पायडलच्या एका पूर्ण हेलकाव्यात माझ्या मशीनवर चारेक टाके पडतात. पाव हेलकावा दिला की एक. तो एक टाका घालायचा की नाही, हे टाच आणि चवडा मिळून ठरवतात. जाड जागी खालचं मोठं चाक स्वतःच्या वजनानं सुईला पार नेतं. गुरगुर नाही, उसळी नाही. कोपरा आला की टाचेनं अडवायचं.

ही सगळी तक्रार एका बॅगेमुळे आहे, तेही सांगून टाकतो. ताईसाठी, म्हणजे या भाचीच्याच आईसाठी, आमच्या आईच्या इरकलीच्या काठाची बॅग शिवत होतो. चादरीचं अंग, तोंडाला काठ. शेवटचा पट्टा, शेवटची फुली, आणि पांढरीनं उसळी मारली. उसवलं, पण चादरीवर भोकं मिटतात तशी काठावर मिटेनात. 18 नंबरच्या सुईची रांग काठाच्या रेशमावर तशीच दिसत राहिली. मग तिथं कवडीसारखं एक बटण लावलं. ताई ती बॅग अजून वापरते आणि भाचीला ते बटण डिझाइन वाटतं. आज कळेल तिला.

महागड्या पांढऱ्या मशीनमध्ये वेग बांधून ठेवायची सरकपट्टी असते, बटण दाबलं की सुई खालीच थांबते अशीही सोय असते. तशी मशीन परवडत असेल तर माझं वरचं बरंचसं रडगाणं तुम्हाला लागू होणार नाही, असं मी नम्रपणे कबूल करतो. मी साध्या, मधल्या किमतीच्या पांढरीबद्दल बोलतोय, कारण बहुतेक घरांत तीच येते.

काळीचेही जाच आहेत. शिकताना पहिले आठ दिवस चाक उलटं फिरतं आणि दर वेळी दोरा तुटतो. आधी दोरा न ओवता, नुसत्या वहीच्या रेघांवर शिवत बसा, मग पाय वळतो. चामड्याचा पट्टा सैल होतो, तो कापून पुन्हा तारेनं जोडायचा. जागा खाते. जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या बेचाळीस अंशांत पायडल मारणं हा व्यायामच. फॅन लावावा तर कापडावर ठेवलेले कागदी कटिंग उडतात. मात्र त्याच दिवसांत भरदुपारी लाइट गेली की पांढरी टेबलावर मुकाट बसते आणि काळी खिडकीच्या उजेडात चालू राहते.

दुरुस्तीबद्दल फार सांगायला नको. काळीचे सुटे भाग कुठंही मिळतात आणि गल्लीतला मिस्त्री डोळे झाकून ते बसवतो. पांढरीचं एक प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं तेव्हा माझी मशीन जवळपास महिनाभर दुसऱ्याच्या कपाटावर पडून होती.

काळीला मोटर लावून घ्यायचा मधला मार्गही पुष्कळजण सुचवतात. मीही लावली होती. सरळ लांब टिपांना, पडद्यांना, गोधडीला छान. पण मोटर आली की पेडल आलं, आणि पेडल आलं की पुन्हा तीच उसळी. सहा महिन्यांत काढून ठेवली.

तर भाचीबाई, तुझ्या बेतात कुर्ते जास्त असतील, टी-शर्ट, लेगिंग्ज असतील आणि मशीन रोज पलंगाखाली सरकवायची असेल, तर पांढरी घे. मामा रागावणार नाही. पण बॅगांचं खरोखर मनात असेल, तर कपाटाशेजारचा तो कोपरा एकदा मोजून बघ. काळी बसेल असं मला वाटतं. काजं माझ्या पांढरीवर येऊन मारून जा.

जुनी काळी घ्यायची ठरली तर रंग आणि सोनेरी वेलबुट्टी बघून भुलू नकोस. वरचं चाक धरून हलवून बघ, आडवं-उभं खेळत असेल तर सोड. बॉबिनची डबी काढून आत बोट फिरव, गंज लागला तर सोड. टाका मागे-पुढे करायची दांडी दोन्हीकडे जाते का तेही बघ. आणि काळी असो की पांढरी, दुकानात स्वतःचं कापड घेऊन जा. दुकानदार नेहमी कडक पॉपलिनच्या दोन पदरांवर शिवून दाखवतो, त्यावर कुठलीही मशीन छानच चालते. चादरीचा तुकडा सहा पदरी घडी करून सुईखाली सरकव, पाय अगदी हलका ठेव आणि फक्त एक टाका घालून बघ.

तसा तुकडा माझ्याकडे आहे. रविवारी ये, घेऊन जा. येताना ताईची बॅगही आण, तिच्या चेनचा रनर निघालाय म्हणत होती.