पीडब्ल्यूएमचा दोष शोधायला काय घ्यावं: मल्टिमीटर, लॉजिक अॅनालायझर की ऑसिलोस्कोप?

पीडब्ल्यूएम म्हणजे पिन झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज किंवा पल्सची रुंदी ठरवणं. ते बिघडलं की एलईडी पेटतो पण मंद होत नाही, सर्व्हो (दिलेल्या कोनात फिरणारी मोटर) मधूनच झटका देतो, मोटर एका ठरावीक वेगाच्या पुढे जात नाही. अशा वेळी पहिला संशय पिन जळाल्याचा येतो. प्रत्यक्षात ती बहुधा ठणठणीत असते. दोष टायमरच्या, म्हणजे पल्स काढणाऱ्या चिपमधल्या घड्याळाच्या, वाटणीत असतो, त्याखालोखाल वायरिंगमध्ये. आर्डुइनो उनो बोर्डवर पीडब्ल्यूएम नसलेल्या पिनला अॅनालॉगराइट (० ते २५५ मधला आकडा देण्याची आज्ञा) दिलं तर १२७ पर्यंत शून्य आणि १२८ पासून पूर्ण ५ व्होल्ट मिळतात. 'मंद न होणारा एलईडी' ही तक्रार बरेचदा इथेच संपते, त्यासाठी उपकरणही लागत नाही.

लागतं तेव्हा मल्टिमीटर हाताशी असतोच. डीसी व्होल्टवर तो सरासरी दाखवतो: ५ व्होल्टच्या बोर्डवर २५ टक्के ड्यूटीला (एका आवर्तनात, म्हणजे पीरियडमध्ये, पिन चालू असण्याचा वाटा) १.२५ व्होल्ट, सर्व्होच्या २० मिलिसेकंदांतल्या १.५ मिलिसेकंदाच्या पल्सला ०.३७५ व्होल्ट. हर्ट्झची सोय असेल तर उनोवरचा टायमरही ओळखता येतो. ५ आणि ६ या पिनवर साधारण ९७७ हर्ट्झ यायला हवेत. ३, ९, १० आणि ११ वर ४९०. वेगळा आकडा दिसला तर कुठल्या तरी लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) त्या टायमरची मांडणी बदलली आहे असं समजायला हरकत नाही.

अडचण अशी की सरासरीच्या एका आकड्यामागे अनेक कारणं असू शकतात. २.५ व्होल्ट म्हणजे अर्धी ड्यूटी असेल, अधांतरी राहिलेली पिन असेल, किंवा ब्रेडबोर्डवर एकमेकींना चिकटलेल्या आणि उलट दिशांना ओढणाऱ्या दोन आउटपुट पिन असतील. अधांतरी पिन ओळखायची सोपी रीत आहे. पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. आकडा शून्याकडे कोसळला तर पिनला कुणी चालवतच नाही. जागचा हलला नाही तर आउटपुट चालू आहे. बाकीच्या दोन शक्यता नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून वेगळ्या करता येत नाहीत.

ऑसिलोस्कोप इथे फार पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. सिग्नलचा आकार दाखवणारं या तिघांत दुसरं काही नाही. मॉस्फेटच्या (मोठा लोड चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या पायाला, चुकून १०० ओहमऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर लागला आणि गेटची कपॅसिटन्स २ नॅनोफॅरड असेल, तर टाइम कॉन्स्टंट (गेट भरायला लागणाऱ्या वेळेचं माप) २० मायक्रोसेकंदांवर जातो. २० किलोहर्ट्झला अख्खा पीरियड ५० मायक्रोसेकंदांचा. मॉस्फेट नीट उघडत नाही, नीट बंदही होत नाही, आणि तापतो. स्कोपवर ही गोलावलेली कड बघताक्षणी कळते. मात्र प्रोब १०एक्सवर ठेवा आणि ग्राउंडची लांब वायर काढून टोकाची छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर त्या वायरनेच निर्माण केलेली थरथर सर्किटची समजून तिच्यामागे वेळ जाईल. मेनवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे ती हाय-साइड (पुरवठा आणि लोड यांच्यामध्ये लावलेल्या) मॉस्फेटच्या सोर्सला कधीही लावू नका.

तरीही पीडब्ल्यूएमच्या कामात माझा हात आधी लॉजिक अॅनालायझरकडे जातो, म्हणजे अनेक पिन हाय आहेत की लो एवढंच एकाच वेळी नोंदवत राहणाऱ्या उपकरणाकडे. त्याला कारण स्कोपचं एकच दुखणं: हजारांत एखादी बिघडलेली पल्स.

सर्व्होचा झटका मिनिटाला एकदा येतो. स्कोप चढत्या कडेवर ट्रिगर घेत राहतो (सिग्नल वर चढला की नवं चित्र सुरू करतो), पडद्यावर सुबक पल्स स्थिर दिसते आणि मोजलेली ड्यूटीही बरोबर येते. बिघडलेली पल्स नजरेसमोरून जाते आणि पुढचं चित्र तिच्यावर चढतं. पल्सच्या रुंदीवर ट्रिगर लावता येतो, पण त्यासाठी ती किती बिघडते याचा अंदाज आधीच हवा. शिवाय ती पकडली तरी ती कुणामुळे बिघडली हे कळत नाही, कारण ते तिसऱ्या किंवा चौथ्या पिनवर घडलेलं असतं आणि साध्या स्कोपला चॅनेल दोनच.

नेहमी भेटणारी दोन उदाहरणं घ्या. पहिलं, उनोवर सर्व्हो लायब्ररी आणि रंगीत एलईडीची एका वायरवर चालणारी पट्टी एकत्र. पट्टीची लायब्ररी डेटा पाठवताना इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारी हाक) बंद ठेवते. एका एलईडीला २४ बिट, प्रत्येक बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एलईडीमागे ३० मायक्रोसेकंद. ३० एलईडींना ०.९ मिलिसेकंद. सर्व्होची पल्स संपवायचं काम इंटरप्टवर सोपवलेलं असतं. तो रखडला की १.५ ची पल्स २.४ मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकते. स्कोपवर हा गूढ झटका वाटतो. अॅनालायझरवर दोन ओळी एकाखाली एक दिसतात: वर लांबलेली पल्स, तिच्या बरोबर खाली डेटाचा झुबका. उपाय म्हणजे सर्व्हो ९ किंवा १० वर घेऊन पल्स थेट टायमर-१ च्या हार्डवेअरने काढायची: फास्ट पीडब्ल्यूएम मोड १४, प्रीस्केलर ८ (घड्याळाचा वेग आठने भागणं), पीरियड ठरवणाऱ्या आयसीआर१ मध्ये ३९९९९, पल्सची रुंदी ठरवणाऱ्या ओसीआर१ए मध्ये (पिन १० असेल तर ओसीआर१बी मध्ये) ३०००. हार्डवेअरला इंटरप्ट बंद असल्याचा काही फरक पडत नाही.

दुसरं याच मोडमधलं. चालू असताना फ्रिक्वेन्सी बदलायची म्हणून आयसीआर१ मध्ये लहान आकडा लिहिला जातो. ओसीआर१ए ला बफर (नवा आकडा चालू पीरियड संपेपर्यंत थोपवणारी जागा) आहे, आयसीआर१ ला नाही. लिहिताना काउंटर त्या आकड्याच्या पुढे गेलेला असेल तर तो थेट ६५५३५ पर्यंत मोजत जातो आणि मग परत फिरतो. १६ मेगाहर्ट्झ आणि प्रीस्केलर ८ ला तो एक पीरियड ३२.८ मिलिसेकंदांचा होतो. पुढचं सगळं पुन्हा सुरळीत. अशी पल्स नुसत्या डोळ्यांनी पकडणं जवळपास अशक्यच.

ही शोधायची माझी मांडणी ठरलेली आहे. पहिल्या चॅनेलवर बिघडणारी पिन, दुसऱ्यावर संशयित पिन. तिसऱ्यावर एक मोकळी पिन, जी कोडमधल्या संशयित भागाच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करायची. पल्सव्ह्यू या अॅनालायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला १० लाख सँपल (नोंदी), दोन मिनिटं: १२ कोटी सँपल होतात, साधा संगणक ते झेलतो. मग पीडब्ल्यूएमचा डीकोडर लावला की प्रत्येक पल्सखाली तिची ड्यूटी आणि पीरियड येतो, त्यातला वेगळा आकडा शोधायचा. सर्व्होला एवढा वेग पुरतो. २० किलोहर्ट्झच्या ८ बिट पीडब्ल्यूएमची एक पायरी मात्र ०.२ मायक्रोसेकंदांची असते, तिथे २४ मेगाहर्ट्झवर जा आणि रेकॉर्डिंग छोटं ठेवा.

अनेक पिन एकत्र बघण्याचा फायदा रास्पबेरी पाय पिको बोर्डवर जास्त जाणवतो. तिथे जीपीआयओ २ आणि १८ या पिन एकाच पीडब्ल्यूएम चॅनेलवर आहेत, त्यामुळे एकीची ड्यूटी बदलली की दुसरीचीही बदलते. २ आणि ३ यांची फ्रिक्वेन्सी सामाईक. ईएसपी३२ बोर्डवर ३४ ते ३९ या पिन फक्त इनपुट आहेत, तिथे सपाट रेघ दिसली तर कोड तपासत बसू नका. त्याच्या ८० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ५ किलोहर्ट्झला ड्यूटीच्या पायऱ्यांसाठी १३ बिट बसतात, १४ बसत नाहीत.

अॅनालायझरची खोट लपवत नाही. तो फक्त शून्य की एक एवढंच ठरवतो, त्यामुळे ५ व्होल्टची पिन लोडखाली ३ वर आली तरी चित्र तितकंच सुबक येतं. मघाचा गोलावलेला गेट सिग्नल त्याला नुसती चुकीची ड्यूटी म्हणून दिसेल, कारण दिसणार नाही. यावर मल्टिमीटरची जोड पुरेशी ठरते, निदान मला तरी पुरली आहे. लोड जोडलेला ठेवून पिन कायम हाय करा आणि व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टवरच्या एटीमेगा३२८पी ची (उनोवरच्या चिपची) पिन २० मिलिअँपिअर देताना ४.२ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेली तर तिच्यावर भार जास्त आहे, मध्ये ट्रान्झिस्टर घाला.

जोडताना इनपुटवर ५ व्होल्टच्या वर काही देऊ नका. १२ व्होल्टचा सिग्नल बघायचा असेल तर वर १० किलोओहम आणि खाली ४.७ किलोओहम लावा, अॅनालायझरला ३.८ व्होल्ट मिळतील. त्याचं ग्राउंड यूएसबीतून थेट संगणकाला जातं, म्हणून मोटरचा करंट त्या वायरमधून वाहणार नाही अशी जोडणी हवी.

एलईडी, सर्व्हो आणि तयार ड्रायव्हर बोर्ड एवढंच काम असेल तर मीटरसोबत अॅनालायझर घ्यावा असं मला वाटतं. स्कोप थांबू शकतो. स्वतः एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट) बांधणार असाल, वरच्या-खालच्या मॉस्फेटमधला डेड टाइम (दोन्ही बंद असण्याचा क्षण) आणि गेटच्या कडा बघायच्या असतील, तर मात्र क्रम उलटा करा आणि आधी स्कोप घ्या.