८×४२ दुर्बीण, अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

पक्षी बघायला ही दुर्बीण दिवाळीच्या आधी घेतली, आता मार्च संपलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलेले रिव्ह्यू ढीगभर सापडतात, पण डिसेंबरात सकाळी साडेसहाला पुण्याजवळच्या कवडी पाटच्या बंधाऱ्यावर बोटं गारठलेली असताना आणि समोरच्या गवतात काहीतरी नुसतं हलत असताना ही वस्तू कशी वागते ते कुठे वाचायला मिळत नाही.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच, आठ का, दहा का नाही (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). दुकानात १०×४२ गळ्यात मारायला बघतात, जास्त मोठं दिसतं म्हणून. भिगवणला बोटीतून लांबचे रोहित (फ्लेमिंगो) बघायला दहा बरी वाटेल असं म्हणाल, पण हलत्या बोटीत दहावर हाताची थरथर पण दहापट दिसते. आणि मुळात हिवाळ्यातले खरे छळणारे पक्षी लांब नसतातच हो, ते पंधरा-वीस फुटांवर झुडपात बसलेले असतात आणि दिसत नाहीत. तिथे मोठं दिसण्यापेक्षा चटकन सापडणं महत्त्वाचं. आठमध्ये एका वेळी जास्त परिसर दिसतो, त्यामुळे पान हललं की दुर्बीण लावली आणि पक्षी आत आला असं बऱ्याचदा होतं. शिवाय ४२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा, दहावाल्यात तो ४.२ होतो. भर दुपारी फरक कळणार नाही, पहाटे आणि दाट झाडीत कळतो.

ब्लूथ्रोटचं सांगतो, म्हणजे निळ्या गळ्याचा एक छोटा पक्षी. उत्तरेकडून एवढा प्रवास करून येतो आणि उतरतो कुठे तर मुळा-मुठेच्या त्या फेसाळ, वास मारणाऱ्या पाण्याच्या काठाला. गवताच्या बुडाशी चिखलातून तुरुतुरु पळतो, थांबतो, शेपटी वर करतो आणि तुम्ही फोकस करेपर्यंत परत आत. आमच्याकडे नोव्हेंबरभर हेच चाललं होतं, भुवईची पांढरी रेघ आणि उडताना शेपटीच्या बुडाचा विटकरी रंग, बस, गळा काही दाखवेना. शेवटी एकदा ऊन आल्यावर एक नर उघड्यावर येऊन उभा राहिला आणि निळ्याखालची काळी पट्टी, मग तांबूस पट्टी, सगळं स्वच्छ दिसलं, कडेला जांभळट झाक नाही काही नाही. या किमतीत, म्हणजे बारा हजाराच्या आसपास, काच खरंच चांगली आहे.

सिंहगड व्हॅलीत मात्र तिचा कस लागला. इंडियन ब्लू रॉबिन हिमालयातून हिवाळ्याला सह्याद्रीत आणि खाली श्रीलंकेपर्यंत जातो, आणि स्वभाव असा की जमिनीवरच, सावलीतच, घाणेरीच्या जाळीखाली. आम्ही ओढ्याकाठी बसलो होतो, पाचोळा उलटल्याचा आवाज येत होता, तेवढाच. मग फांद्यांच्या फटीतून एक नारिंगी छाती दिसली, लांब बारीक पाय, आणि शेपटी अशी थरथरत होती की जणू थंडी त्यालाच वाजतीये. कॅमेरावाल्या मित्राचा ऑटोफोकस पुढच्या काडीवर अडकून बसला, मला दुर्बिणीत पूर्ण पक्षी दिसत होता. ही दोन मीटरपर्यंत फोकस होते, ते इथे कामी आलं. (तिथे एकजण पक्ष्याला बाहेर काढायला मोबाईलवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवत होता. नका करू यार, पक्ष्याला उगाच हैराण करायचं आणि वर फोटो टाकून लाईक गोळा करायचे.)

जे दुर्बीण करू शकत नाही ते पण लिहितो. वटवट्यांच्या (वॉर्बलर, एकसारखे दिसणारे छोटे पक्षी) बाबतीत कुठलीही काच तुम्हाला वाचवणार नाही. वडाच्या शेंड्यात हिरवट काहीतरी उड्या मारतंय, मान मोडेपर्यंत बघा, शेवटी ग्रीनिश वॉर्बलर ओळखायचा तो त्याच्या दोन तुकड्यांच्या हाकेवरूनच. सासवडकडच्या माळावर संध्याकाळी भोवत्यांच्या (हॅरियर, शिकारी पक्षी) माद्या येतात, माँटेग्यूची की पॅलिड हे मानेभोवतीच्या फिक्या पट्ट्यावरून ठरवायचं, आणि त्या थांबतात थोड्याच. तिथे मला दहा हवी होती, हे मान्य. आणि भिगवणला पाऊस चांगला झाला की उजनी तुडुंब राहते, उथळ चिखल उघडा पडायला वेळ लागतो, मग रोहित उशिरा येतात. लोक डिसेंबरात जाऊन येतात आणि दुर्बिणीला नावं ठेवतात.

आता तक्रारी. डायॉप्टरची रिंग, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची, ढिली आहे, बॅगेत घासून सरकते आणि ऐन वेळी उजवा डोळा धूसर. मी तिथे मार्करने खूण केलीये. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "नॉर्मल आहे सर" एवढंच उत्तर. सोबतचा पट्टा टाकून द्या, पाऊण किलोच्या जवळ वजन आहे, दोन तासात मान धरते, वेगळा हार्नेस घ्या. पुढच्या काचांची रबरी झाकणं जानेवारीतच कुठेतरी पडली. थंडीत तोंडाची वाफ लागून डोळ्याकडच्या काचा धुरकट होतात, पण ते बाहेरून, आत वाफ गेलेली नाही, आणि धुक्यात भिजून सुद्धा काही झालेलं नाही.

चष्मेवाल्यांनी ऑनलाइन मागवू नका. आयकप (डोळ्याला टेकणारे रबरी कप) खाली करून चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतोय का ते दुकानात लावूनच बघा, मला दिसतो, माझ्या भावाला कडा कापलेल्या दिसतात, त्याचा चष्मा जाड आहे. झूमवाल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला अजिबात जाऊ नका. राइनेक (सुतार पक्ष्याच्या कुळातला) मला या पूर्ण सीझनमध्ये दिसलेला नाही, ग्रुपवर मात्र दर रविवारी कोणाचा तरी फोटो असतो, त्याच माळावरचा, मी निघाल्यानंतर तासाभराने काढलेला. त्याचे मार्क दुर्बिणीचे कापत नाही. पाचपैकी चार देतो, एक गेला त्या रिंगपायी.