खाऱ्या पाण्यातून निघालेला ट्रेलर

मार्च २०२३ मध्ये आम्ही १३,८०० डॉलर रोख मोजून एक वापरलेला ॲल्युमिनिअमचा कॅम्पर ट्रेलर घेतला. सोळा फुटी, आत चौघांची झोपायची सोय, बाहेरून लख्ख. तो ट्रेलर सहा महिन्यांपूर्वी फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेला होता. हे कळायला आम्हाला अडीच महिने लागले, आणि तेही घाट उतरताना ट्रेलरचे ब्रेक गेल्यावर. गाडीत मागच्या सीटवर मुलं बसलेली होती. अमेरिकेत आपली कितीतरी कुटुंबं आता असे ट्रेलर घेऊन नॅशनल पार्कांमध्ये जातात, त्यातली बरीचशी जुनेच घेतात. म्हणून झालं ते सगळं सांगते आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. गाडी टोयोटा हायलँडर, ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड. एवढ्याच लांबीचे लाकडी सांगाड्याचे काही ट्रेलर रिकामेच चार हजारांच्या आसपास जातात. वर पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं. वीस गॅलन पाणीच जवळजवळ १६७ पौंड भरतं. त्यामुळे वजनाला हलका, ॲल्युमिनिअमचा हवा हे आमचं आधीच ठरलं होतं, आणि हे मी विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं.

त्याने आम्हाला घरी बोलावलं नाही. रविवारी सकाळी एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ट्रेलर आणून उभा केला होता. पन्नाशीचा, अतिशय नम्र माणूस. पत्नीच्या आजारपणामुळे विकतोय म्हणाला. आत नवी गादी, नवं व्हाइनिल फ्लोअरिंग, लिंबाच्या फ्रेशनरचा वास. दिवे लागत होते, कारण बॅटरी नवी आणि दिवेही नवे. गॅसची टाकी रिकामी होती, म्हणून फ्रिज, हीटर, शेगडी काहीच लावून बघता आलं नाही. नळ सोडून बघू का म्हटलं, तर पाईपमध्ये हिवाळ्याचं गुलाबी अँटीफ्रीज भरलेलं, आताच पाणी सोडू नका म्हणाला. मार्चमध्ये हे अगदी खरं वाटतं. थंडीत पाईप फुटू नयेत म्हणून बरेच जण ते भरतात. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे असं एक रास्त कारण होतं. ही सगळी कारणं एकाच दिवशी एकत्र आली, हे मात्र तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

त्याचं एक वाक्य माझ्या कानात अजून आहे : “यात लाकूड नाही, म्हणजे कुजायला काही नाही. धुवायचा आणि निघायचं.”

टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, दुसऱ्या राज्याचं होतं, जानेवारीत निघालेलं, आणि त्यावर नाव त्याचं नव्हतं. मेहुण्याचं आहे म्हणाला. मागे सही-शिक्का आधीच झालेला. व्हिन नंबर, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक, मी विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या मोफत तपासणीत टाकून पाहिला. चोरीची नोंद नाही, विमा कंपनीने बाद ठरवल्याची नोंद नाही. त्या कोऱ्या अहवालावर विसंबून आम्ही पैसे दिले.

एप्रिलमध्ये सासरे, म्हणजे आमचे बाबा, पुण्याहून आले. मे महिन्याच्या शेवटी आम्ही सगळे व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कात गेलो, बिग मेडोज कॅम्पग्राउंडला. तिथे वीज-पाण्याची जोडणी नसते, जे काही आहे ते स्वतःच्या बॅटरीवर आणि टाकीवर. पहिल्या रात्री हीटर पेटलाच नाही. दुसऱ्या रात्री दिवे मिणमिणायला लागले, पंप मध्येच बंद पडायचा. बाबा टॉर्च घेऊन सिंकखालच्या कपाटात वाकून बराच वेळ बघत होते. बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, “अगं, या वायरी आतून हिरव्या पडल्यात. घरी गेल्यावर उघडून बघू.”

परतताना आम्ही स्विफ्ट रन गॅप या खिंडीत पार्कातला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता सोडून ३३ नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे उतरायला लागलो. सलग उतार आहे तो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला नवरा म्हणाला, “मागून ढकलतंय.” गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र असतं, त्या ब्रेक कंट्रोलरवर ट्रेलर जोडलेलाच नाही असं दिसत होतं. ट्रेलरचे ब्रेक लागत नसले की उतारावर सगळा भार गाडीच्या ब्रेकवर येतो आणि ते तापत जातात. नवऱ्याने गिअर खाली घेतला, गाडी सावकाश उतरवत आणली, कडेला रुंद जागा मिळाल्यावर थांबवली. खाली उतरलो तर डाव्या चाकाजवळ जळक्या ग्रीसचा वास. हबजवळ, चाकाच्या मधल्या भागाशी, हात नेववत नव्हता. मुलांना मी रेलिंगच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि टोइंगवाला येईपर्यंत त्यांचे हात सोडले नाहीत.

पायथ्याच्या गावातल्या मेकॅनिकने चाक काढून ड्रम उघडला. आतलं ग्रीस दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं झालं होतं. त्यात पाणी शिरलं होतं. बेअरिंगला खड्डे, ब्रेकचे मॅग्नेट गंजून फुगलेले, वायर बोट लावताच तुटली. तो म्हणाला, हे पावसाचं काम नाही, बोट समुद्रात उतरवायच्या ट्रेलरचं असं होतं.

पुढचं बाबांनी शोधून काढलं. त्यांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली. लाल गाड्यांची बॉडी त्या काळी ॲल्युमिनिअमचीच असे आणि पत्रे रिबिट करण्यात त्यांची वर्षं गेली. घरी आल्यावर त्यांनी मला ट्रेलरच्या खालच्या कडेला बसवलं आणि सीलंटची एक रेघ सुरीने उचलली. खाली प्रत्येक स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पावडर, भिजून वाळलेल्या मिठासारखी. स्क्रू जागच्या जागी होता, पण त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनिअम खाल्लं गेलं होतं. स्क्रू त्यांनी दोन बोटांनी ओढून काढला.

ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे खरं. पण ते झिजत नाही हे खोटं. स्टील आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी आलं, की त्याची बॅटरीच होते आणि त्यात ॲल्युमिनिअमचा बळी जातो. आई जर्मनच्या पातेल्यात आमटी-चिंच रात्रभर ठेवू द्यायची नाही, सकाळी तळाला बारीक खड्डे दिसायचे. ते धातूचं खाल्लं जाणंच होतं, फक्त तिथे आंबट होतं, इथे मीठ. कोकणात समुद्राकाठच्या घरांच्या ॲल्युमिनिअमच्या खिडक्या पांढऱ्या पडून खडबडीत होतात, त्याही यामुळेच.

मग त्यांनी पोटाखालचा पत्रा सोडवला. सांगाड्याच्या चौकोनी नळीच्या तोंडातून बारीक, करडा गाळ पडायला लागला. मी खाली वर्तमानपत्र धरलं. त्या गाळात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा होता.

खिडकीच्या कोपऱ्यात एक काळी पट्टी चिकटवलेली होती. ती काढल्यावर फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सजवळच्या एका ट्रेलर पार्कचा स्टिकर निघाला. मी तिथे फोन केला. व्यवस्थापक बाईंनी वर्णन ऐकताच ओळखलं. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं, फोर्ट मायर्स बीचवर तर समुद्र दहा फुटांहून जास्त चढला होता, त्या दिवशी त्यांच्या पार्कमधलं सगळंच पाण्याखाली गेलं. या ट्रेलरच्या मालकाचा विमा नव्हता. त्याने काहीशे डॉलरला आहे तसा देऊन टाकला. विमा नाही म्हणजे दावा नाही, दावा नाही म्हणजे बाद झाल्याची नोंद नाही, आणि म्हणूनच माझा तो अहवाल कोरा आला होता. अहवालात काही नसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की कुणी काही कळवलेलं नाही.

लाकडी सांगाड्याचा ट्रेलर असा बुडाला असता तर भिंती फुगल्या असत्या, प्लायवूड सुटलं असतं, बुरशीचा वास लपला नसता. त्याचं बुडणं कुणालाही दिसलं असतं. ॲल्युमिनिअम पाइपने धुतलं, पुसलं, पॉलिश मारलं की नवं दिसतं. म्हणजे ज्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजतो, त्याच गुणामुळे ही फसवणूक सोपी होते. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. ॲल्युमिनिअमचा जुना ट्रेलर लाकडीपेक्षा जास्त बारकाईने बघा.

पोलिसांत तक्रार केली, राज्याच्या परिवहन खात्याकडे केली. टायटलवरच्या नावाचा माणूस सापडला, पण त्याने तो आधीच दुसऱ्या कुणाला विकला होता. आमच्या विक्रेत्याचा फोन बंद, पत्ता त्याने कधी दिलाच नव्हता. पैसे मिळाले नाहीत, मिळतील असं वाटतही नाही.

कुणी विचारलं तर मी आता काय सांगते ते लिहिते. टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या लायसन्सवरचं नाव एकच नसेल तर तिथून निघायचं, मेहुणा-भाऊ काहीही ऐकायचं नाही. भेट त्याच्या घरी. गॅसची टाकी आपली भरलेली घेऊन जायची, म्हणजे हीटर आणि फ्रिज पेटवून बघता येतात. पाण्याची तपासणी थंडीमुळे होत नसेल तर व्यवहार एप्रिलपर्यंत थांबवायचा. ट्रेलर आपल्या गाडीला जोडून पार्किंगमध्ये सावकाश चालवायचा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून बघायचे. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघायचे, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नवे टायर बघून मात्र हुरळू नये. आमच्या ट्रेलरचे टायर अगदी नवे होते, कारण जुने पाण्यात होते. गादी, फ्लोअरिंग, दिवे, टायर, सगळंच एकदम नवं असेल तर का, हे विचारायचं.

आणि एक स्क्रू काढायला सांगायचं. खालच्या कपाटातला, जमिनीलगतचा, कुठलाही. पांढरी पावडर, हिरवी वायर, गाळ, यातलं एक जरी दिसलं तरी पुरे. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तर तेच उत्तर समजायचं. नॅशनल रिक्रिएशनल व्हेइकल इन्स्पेक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित तपासनीस असतात, त्यांची फी मला त्या वेळी जास्त वाटली होती.

तुमचा ट्रेलर चांगला असेल आणि समुद्राकाठी नेत असाल, तर परतल्यावर गोड्या पाण्याने खालूनही धुवा. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा उघडून बघा, किलोमीटर कमी झाले असले तरी. छतावरचं सीलंट वसंतात आणि हिवाळ्याआधी, दोनदा तपासा. कुठे स्टीलचा बोल्ट बदललात तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. हे बाबांनी मला शिकवलं, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही तो ट्रेलर दुरुस्त होतो का हे खरंच बघितलं. प्रत्येक नळी आतून खाल्लेली निघाली.

कमी पैशात घ्यायला दोघे जण आले होते. एकाला बुडालेला आहे हे सांगूनही हवा होता, धुऊन पुढे विकणार होता. आम्ही दिला नाही. ऑगस्टमध्ये भंगारात नेला. त्याआधी बाबांनी लाल रंगाचा डबा आणून चारही बाजूंना हातभर अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की हा समुद्राच्या पाण्यात बुडालेला आहे. भंगारवाल्याने काटा केला, पौंडाच्या भावाने पैसे दिले, आणि पत्रा कापायची मशीन त्या लाल अक्षरांवरून जाईपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.