जुन्या बाजारातला कॅसेट डेक: ८ महिन्यांनंतर (आणि त्या शिट्टीची भानगड)

रविवारी जुन्या बाजारात २५०० सांगितलेला डेक १४०० ला पाडला तेव्हा लय भारी वाटलेलं. बटणं किती, दिसतो कसा ते सोडा, असले डेक सगळ्यांनी पाहिलेत. माझं भांडण एकाच गोष्टीशी, शिट्टी. स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडच्या 'विंड ऑफ चेंज' गाण्याच्या सुरुवातीची. आतला टेप फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला तरी ड्रम्स-गिटार खपून जातात हो, पण शिट्टीचा लांबवलेला सूर लगेच डुगडुगतो.

तापकीर गल्लीत एकाकडे नेला, ३५० घेऊन बेल्ट टाकला त्यानं, घरी आणून लावतोय तर तेच. परत गेलो तर म्हणे, "काका, रेकॉर्डिंगच तसं असेल." अरे कॉलेजपासून ऐकतोय मी हे!

पण चेक करायच्या नादात ते गाणं इतक्यांदा ऐकलं की डोक्यात किडा शिरला. आम्ही पोरं ते बर्लिनची भिंत पडल्याचं गाणं म्हणून ऐकायचो. सुचलं होतं मात्र ऑगस्ट १९८९ च्या मॉस्कोतल्या फेस्टिव्हलवरून, भिंत पडली ९ नोव्हेंबरला, अल्बम आला १९९० ला. म्हणजे भिंत नंतर चिकटली. आता निर्वाणा बँडचं 'अनप्लग्ड' घ्या, नोव्हेंबर १९९३ चं रेकॉर्डिंग, एप्रिल १९९४ ला त्यांचा गायक कर्ट कोबेन गेला, त्यानंतर स्टेजवरच्या त्या मेणबत्त्या आणि लिली कुणाला नुसती सजावट वाटल्यात? पण तिथं त्याच्या जाण्याशी संबंध ऐकणाऱ्यांनी जोडला. इथं २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसल्यावर गायकानंच, क्लाउस माइनेनं, स्टेजवर सुरुवातीच्या ओळी बदलल्या, मॉस्कोतली मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्क काढून युक्रेन घातलं. माझ्या कॅसेटवर मॉस्क्वा वाहतेच आहे. मला वाटायचं, बरंय, जुनं ते जुनं राहिलं. मग एकदा लेकीनं पहिल्याच ओळीला विचारलं, "बाबा, हे रशियाचं कौतुक आहे का?" मी आपला आवाज कमी केला.

शेवटी दुसऱ्या एकानं बरोबर मापाचा बेल्ट टाकला, ८० चा बेल्ट, १५० मजुरी. शिट्टी आता सरळ वाजते. आणि खरं सांगू, तीच खटकते, फारच खात्रीनं वाजवल्यासारखी. थरथरायची तेव्हा बरी वाटायची, हे मला आत्ता कळतंय, ५८० घालवल्यावर. पण म्हणून परत सैल बेल्ट लावून घेणार नाही, तेवढे पैसे वर आलेले नाहीत.

५ पैकी साडेतीन. अर्धा त्या पहिल्या दुकानदाराचा कापलाय.