एसडीएस: स्ट्रिंगची लांबी लक्षात ठेवणारी सी लायब्ररी

सी भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार नाही. शेवटी शून्य बाइट असलेली कॅरेक्टरांची रांग, एवढीच तिची ओळख. त्यामुळे स्ट्रलेन या फंक्शनला लांबी विचारली की ते दर वेळी पहिल्या बाइटपासून मोजायला लागते, आणि लूपमध्ये स्ट्रकॅट हे जोडणीचे फंक्शन वापरून मजकूर जोडत गेल्यास प्रत्येक जोडणीपूर्वी आधीचा सगळा मजकूर पुन्हा चाळला जातो. जागा पुरेल का, हे तर स्ट्रकॅट पाहतच नाही. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी आधी स्वतःच्या रोजच्या कामासाठी लिहिलेली, रेडिस या डेटाबेसमध्ये मुरलेली आणि नंतर स्वतंत्र काढलेली एसडीएस (सिंपल डायनॅमिक स्ट्रिंग्ज) ही लायब्ररी नेमक्या याच दुखण्यांवर उपाय देते.

तिची रचना हेच तिचे मोठे आकर्षण आहे. मजकुराची लांबी आणि राखलेली जागा यांची नोंद मजकुराच्या लगेच आधी, त्याच मेमरीत ठेवली जाते आणि आपल्या हाती येणारा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मात्र थेट मजकुराच्या पहिल्या बाइटकडे रोखलेला असतो. शेवटी शून्य बाइटही असतोच, त्यामुळे अशी स्ट्रिंग सीच्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला जशीच्या तशी देता येते. दुसऱ्या आवृत्तीत ही नोंद मजकुराच्या आकारानुसार लहानमोठी होते. २५५ बाइटांपर्यंतच्या नेहमीच्या मजकुराला तिच्यासाठी जेमतेम ३ बाइट लागतात. मजकूर जोडताना जागा अपुरी पडली, तर नव्या लांबीच्या दुप्पट जागा घेतली जाते आणि १ एमबीच्या पुढे दर वेळी १ एमबी जास्तीची राखली जाते. मोठा अहवाल तुकड्यातुकड्याने तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये या धोरणाचा फायदा स्पष्ट जाणवतो.

मात्र हीच रचना बेसावध माणसाला अडचणीत आणते. जोडणीनंतर मजकूर मेमरीत दुसरीकडे हलू शकतो, म्हणून मजकूर जोडणाऱ्या एसडीएसकॅट या फंक्शनने परत दिलेला पॉइंटर पुन्हा त्याच व्हेरिएबलमध्ये साठवावाच लागतो. तो न साठवल्यास कंपायलर सहसा तक्रार करत नाही आणि छोट्या चाचण्याही बिनबोभाट पार पडतात. एकच स्ट्रिंग दोन स्ट्रक्चरांतून वापरली जात असेल, तर एकीकडे केलेल्या जोडणीने दुसरीकडचा पॉइंटर निकामी होऊ शकतो. मेमरी संपल्यावर एसडीएसकॅट नल (रिकामा पॉइंटर) परत देते, पण जुना मजकूर मोकळा करत नाही. त्यामुळे परत आलेला पॉइंटर त्याच व्हेरिएबलमध्ये साठवण्याची लायब्ररीने शिकवलेली सवयच अशा वेळी जुना पत्ता हरवून बसते. सीच्या साध्या फ्री या फंक्शनने ही स्ट्रिंग मोकळी करू पाहणे तर सरळ चूक आहे, कारण मेमरीचा खरा आरंभ त्या पॉइंटरच्या मागे असतो.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते, म्हणून ‘मराठी’ या शब्दाची लांबी एसडीएसलेन १५ सांगते. बाइट म्हणून ते अचूकच आहे. भाग कापून देणाऱ्या एसडीएसरेंजने शून्य ते तीन क्रमांकांच्या बाइटांचा भाग मागितला, तर ‘म’ नीट उरतो आणि ‘र’चा एक तृतीयांश लटकत राहतो. अक्षरांच्या सीमा ओळखण्याचा दावा लायब्ररीने कुठेही केलेला नाही, त्यामुळे तो तिचा दोष धरता येणार नाही. त्या कामासाठी आयसीयूसारखी युनिकोड मजकूर हाताळणारी वेगळी लायब्ररी सोबत ठेवावी लागते.

फॉरमॅट करून जोडण्यासाठी एसडीएसकॅटप्रिंटएफ सोयीची आहे, पण वेग महत्त्वाचा असेल तर फॉरमॅटचे मोजकेच संकेत ओळखणारी एसडीएसकॅटएफएमटी वापरावी. दोन कलमांच्या बीएसडी परवान्यामुळे व्यावसायिक कामातही अडचण येत नाही, आणि मोजक्या फायली प्रकल्पात टाकल्या की काम सुरू होते. नेटवर्क सर्व्हर किंवा लॉग तयार करणाऱ्या साधनासाठी मी ती बिनदिक्कत निवडेन. ठरावीक लांबीची दोन-चार नावे साठवायची असतील, तर सीचे एसएनप्रिंटएफ हे फंक्शन आणि पुरेसा मोठा अ‍ॅरे एवढ्यावर काम भागते.